भिंती आपल्या, छत सगळ्यांचे

नागपुरातला जुना फ्लॅट बहुधा एखाद्या बंगल्याच्या जागेवर उभा असतो. धरमपेठ, रामदासपेठ, धंतोली, शंकरनगर, लक्ष्मीनगर, बजाजनगर, प्रतापनगर या भागांत 1980 नंतरच्या दोन-अडीच दशकांत एकेका प्लॉटवर तीन-चार मजल्यांच्या ‘फ्लॅट स्कीम’ झाल्या. खाली खांबांवर पार्किंग, वर मजल्यागणिक दोन किंवा तीन घरे, बरेचदा लिफ्ट नाही, आणि फाटकाशी बंगल्याच्या काळातले एखादे कडुनिंबाचे नाहीतर आंब्याचे झाड. आज विकायला निघणारे जुने फ्लॅट मुख्यतः याच इमारतींतले. विकणारे बहुतेक पहिल्या पिढीचे मालक असतात: निवृत्त, गुडघे जिना चढू देत नाहीत, मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात. घेणाऱ्याला शाळा, दवाखाना आणि भाजीबाजार पायी जाण्याच्या अंतरावर हवा असतो, पण त्याच गल्लीतली नवी इमारत परवडत नाही. बेसा, मनीषनगर किंवा वर्धा रोडच्या पुढे त्याच पैशांत नवा फ्लॅट मिळतो. तो सोडून जुन्यात शिरणारा माणूस पत्त्यासाठी पैसे मोजत असतो.

नागपूर फ्लॅटकडे उशिरा वळले. 1956 पर्यंत राजधानीचे शहर, मोकळी जमीन मुबलक, आणि 1936 च्या कायद्याने स्थापन झालेली नागपूर सुधार प्रन्यास म्हणजे नासुप्र पद्धतशीर ले-आउट पाडून प्लॉट देणारी. मध्यमवर्गीय माणसाची घराची कल्पना प्लॉट, त्यावर बांधकाम, पुढे अंगण, मागे विहीर किंवा बोअर अशीच होती. फ्लॅट हा बदलीच्या नोकरीवाल्यांचा प्रकार मानला जाई. पुढे जमिनीचे भाव वाढले, बंगल्याच्या मालकाला तीन मुले झाली आणि एका प्लॉटची तीन घरे होईनात. मग प्लॉट बिल्डरला द्यायचा, बदल्यात दोन-तीन फ्लॅट घ्यायचे आणि उरलेले त्याने विकायचे, हा व्यवहार रूढ झाला. कागदावर त्याचे नाव विकसन करारनामा. जुन्या नागपुरी फ्लॅटच्या बऱ्याचशा कायदेशीर भानगडींचे मूळ या एका कागदात सापडते.

मुंबई-पुण्याहून बदली होऊन आलेल्यांना येथे पहिला धक्का कायद्याचा बसतो. तिकडे इमारत पूर्ण झाली की रहिवाशांची सहकारी गृहनिर्माण संस्था होते, जमीन व इमारत संस्थेच्या नावे होणे अपेक्षित असते आणि फ्लॅटधारकाच्या हाती भागपत्र येते. नागपुरात ‘सोसायटी’ म्हणजे बहुधा शेतजमीन घेऊन ले-आउट पाडणारी आणि सभासदांना प्लॉट विकणारी संस्था. इमारती मात्र प्रामुख्याने महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, 1970 खाली येतात. या कायद्यात प्रत्येक सदनिका ही स्वतंत्र स्थावर मालमत्ता असते. ती वारशाने जाते, गहाण पडते, विकली जाते, आणि तिच्याबरोबर जमिनीतला व सामाईक भागांतला अविभाजित हिस्सा आपोआप जातो. विक्रीपत्रात ‘अविभाजित हिस्सा अमुक टक्के’ असे जे लिहिलेले असते ते हेच. हा हिस्सा वेगळा काढून विकता येत नाही आणि त्याची वाटणीही मागता येत नाही. संस्थेच्या नावे जमीन करून घेण्यासाठी मुंबईकर वर्षानुवर्षे जी पायपीट करतात, ती येथे वाचते. फ्लॅटधारक पहिल्या दिवसापासून जमिनीचा हिस्सेदार असतो.

या सगळ्याचा पाया ‘डीड ऑफ डिक्लरेशन’ म्हणजे घोषणापत्र. जमिनीचे वर्णन, इमारतीचे वर्णन, प्रत्येक सदनिकेचा क्रमांक व टक्केवारी, सामाईक भाग कोणते, काही ठरावीक सदनिकांपुरते मर्यादित सामाईक भाग कोणते, आणि सोबत उपविधी, एवढे त्यात असते. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले असते. टक्केवारी ठरते ती सदनिकेच्या मूल्याचे एकूण मालमत्तेच्या मूल्याशी जे प्रमाण असेल त्यावर. मत, खर्चाचा वाटा आणि उद्या इमारत पाडली तर मिळणारा हिस्सा, तिन्ही गोष्टी या आकड्याला बांधलेल्या. फ्लॅट बघायला गेलेला माणूस टाइल्स, स्वयंपाकघराचा ओटा आणि गॅलरीतून दिसणारे झाड पाहतो. घोषणापत्राची प्रत मागणारा विरळा. विक्रेत्याकडे ती नसली तर दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल काढता येते, आणि ती काढून वाचल्याशिवाय इसार देऊ नये. काही जुन्या स्कीममध्ये घोषणापत्र केलेलेच नसते, नुसती विक्रीपत्रे असतात. काही ठिकाणी सगळ्या सदनिकांच्या टक्क्यांची बेरीज शंभर भरत नाही, कारण बिल्डरने नंतर एक मजला चढवला किंवा पार्किंगमध्ये एक खोली काढली. असा फ्लॅट स्वस्त का मिळतो आहे, हे बेरीज केल्यावर कळते.

गच्ची आणि पार्किंग हे दोन कायमचे वादविषय. कायद्याच्या व्याख्येनुसार पाया, खांब, तुळया, मुख्य भिंती, छत, जिने, आवार आणि वाहनतळ हे सामाईक भागच आहेत, घोषणापत्रात वेगळे काही म्हटले नसेल तर. वादाला तोंड फुटते ते या शेवटच्या अटीतून. सर्वात वरच्या मजल्याचा फ्लॅट ‘टेरेस राइट्ससह’ म्हणून विकला जातो. घोषणापत्रात गच्ची त्या सदनिकेला मर्यादित सामाईक भाग म्हणून दिलेली असेल तर त्या शब्दांना काही अर्थ आहे. नसेल तर विक्रेता स्वतःचे नसलेले विकतो आहे. पार्किंगबाबत सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2010 मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात स्पष्ट केले की, फ्लॅटच्या मालकीविषयीच्या 1963 च्या महाराष्ट्र कायद्याखाली बिल्डरला खांबांखालची किंवा उघडी पार्किंगची जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही. तरीही जुन्या विक्रीपत्रांत ‘पार्किंग क्रमांक 4’ सर्रास आढळतो. व्यवहारात रहिवाशांनी आपसात ठरवलेली वाटणी चालते. ज्या काळात या इमारती बांधल्या त्या काळात घरटी एक स्कूटर होती, आता दोन मोटारी आहेत, आणि खरेदीदाराची मोटार कुठे उभी राहणार याचे उत्तर विक्रेत्याकडून नव्हे, खालच्या शेजाऱ्याकडून मिळते.

थकबाकीचाही नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. या कायद्यानुसार सामाईक खर्चाची थकबाकी हा त्या सदनिकेवरचा बोजा असतो, आणि फ्लॅट हस्तांतरित झाला की जुन्या थकबाकीला नवा मालकही जुन्याबरोबर संयुक्तपणे जबाबदार ठरतो. म्हणून अपार्टमेंटधारकांच्या संघटनेच्या अध्यक्ष-सचिवांकडून थकबाकी नसल्याचे लेखी पत्र घेणे ही औपचारिकता नाही. अडचण एवढीच की अनेक इमारतींत पत्र द्यायला अध्यक्ष-सचिवच नसतात.

नागपुरी फ्लॅटचे खरे दुखणे येथे आहे. 1970 च्या कायद्याने प्रत्येकाला जमिनीचा हिस्सा चोख दिला. इमारत सांभाळणारे कुणी मात्र उभे राहिले नाही. सहकारी संस्थेत दरवर्षी लेखापरीक्षण, ठरावीक मुदतीने निवडणूक आणि वर उपनिबंधकाचा डोळा असा जो शिरस्ता असतो, तो सहा-आठ-दहा घरांच्या अपार्टमेंट संघटनेत रुजलेला नाही. कुणीतरी एक काका वही ठेवतात, घरटी महिन्याला ठरलेली रक्कम गोळा करतात, त्यातून चौकीदार, झाडूवाली, जिन्यातला दिवा आणि पाण्याचा पंप एवढे भागते. पंप जळला की वेगळी वर्गणी. गच्ची गळू लागली की वरच्या मजल्याचा मालक म्हणतो सगळ्यांनी द्या, आणि तळमजल्याचा म्हणतो माझे काय गळते आहे? दहापैकी तीन घरे भाड्याने दिलेली, दोन मालक परगावी, एक फ्लॅट बंद. वीस वर्षांत रंग न लागलेल्या इमारतीची गोष्ट बहुधा एवढीच असते. गरिबीशी तिचा संबंध नसतो.

हीच अडचण सोडवायला दुसऱ्या एका देशाने काय केले, ते पाहण्याजोगे आहे. जपानमध्ये सदनिकांच्या विभक्त मालकीचा कायदा 1962 मध्ये झाला, महाराष्ट्राच्या आठ वर्षे आधी, आणि त्याचा सांगाडा बराच सारखा आहे: स्वतंत्र सदनिका, जमिनीत हिस्सा, सामाईक भाग, आणि जुन्या मालकाच्या थकबाकीला नवा मालकही जबाबदार. टोकियो-ओसाकाच्या उपनगरांत 1970 च्या दशकात उभ्या राहिलेल्या इमारतींतले फ्लॅट आज तेथे बरेच स्वस्त मिळतात, कारण तिकडे भाव जमिनीला. बांधकामाचे मोल वर्षागणिक उतरत जाते आणि करासाठी काँक्रीटच्या राहत्या इमारतीचे आयुष्य 47 वर्षे धरले जाते. तिथला खरेदीदार आधी दोन गोष्टी विचारतो. एक, बांधकामाची परवानगी 1 जून 1981 नंतरची आहे का, कारण त्या दिवसापासून भूकंपरोधक बांधणीचे नवे निकष लागू झाले. दोन, दुरुस्ती निधीत किती पैसे शिल्लक आहेत. प्रत्येक सदनिका दरमहा व्यवस्थापन खर्चाशिवाय वेगळी रक्कम या निधीत भरते, तीस वर्षांचा दुरुस्ती आराखडा तयार असतो, आणि साधारण बारा ते पंधरा वर्षांनी इमारतीला बाहेरून परांची बांधून गिलावा, गच्ची, नळ यांची एकत्र दुरुस्ती होते. निधी आटलेल्या इमारतीतला फ्लॅट कितीही सजवलेला असला तरी जाणकार त्याला हात लावत नाही. तिकडेही सगळे आलबेल नाही. मालक म्हातारे झाले, काही घरे रिकामी पडली, पुनर्बांधणीला 4/5 बहुमत जमेना; म्हणून 2025 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून भूकंपसुरक्षेत कमी पडणाऱ्या इमारतींसाठी ती अट 3/4 वर आणावी लागली. पण नागपुरात जुन्या फ्लॅटच्या बोलणीत ‘तुमच्या इमारतीच्या खात्यात किती शिल्लक आहे?’ हा प्रश्न जवळजवळ ऐकू येत नाही, आणि किमतीइतकाच महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. संघटनेचे बँकेत खाते नसणे हेही एक उत्तरच समजावे.

इमारतीखालची जमीन कोणत्या प्रकारची आहे, हा पुढचा भाग नागपुरात विशेष गुंतागुंतीचा. नासुप्रने भाडेपट्ट्याने दिलेल्या प्लॉटवर इमारत असेल तर मालकी म्हणजे पट्ट्याचा हक्क. हे पट्टे सहसा तीस वर्षांचे, नूतनीकरणाच्या अटीसह. पट्ट्याची मुदत किती उरली, मागचे नूतनीकरण झाले का, भूभाटक भरलेले आहे का, हस्तांतरासाठी ना हरकत आणि त्याचे शुल्क किती, हे सगळे विक्रीपत्राआधी पाहावे लागते. सिव्हिल लाइन्स, सदर, सीताबर्डी अशा जुन्या भागांत नझूल जमीन भेटते, म्हणजे सरकारी जमीन, पुन्हा पट्ट्याची. तिसरा प्रकार खाजगी ले-आउटचा. शहराच्या दक्षिण, पूर्व आणि उत्तर बाजूंना शेतजमिनीवर संस्थांनी मंजुरीविना पाडलेले शेकडो ले-आउट आहेत. त्यांच्यासाठी वापरले जाणारे ‘572 ले-आउट’ आणि ‘1900 ले-आउट’ हे शब्द नागपुरात लहान मुलालाही ठाऊक असावेत इतके रुळले आहेत. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने ते नियमित करण्याची वाट काढली, आणि विकास शुल्क भरल्यावर प्लॉटधारकाला नियमितीकरणाचे पत्र मिळू लागले. जाहिरातीत ‘आरएल प्लॉट’ असे जे लिहितात ते हे. इमारत अशा ले-आउटमध्ये असेल तर तो कागद मूळ प्लॉटच्या नावे आहे की नाही, आणि प्लॉट मैदान, रस्ता किंवा शाळेच्या आरक्षणात तर अडकलेला नाही, एवढे तपासावेच लागते. आरक्षणातल्या जमिनीवरची इमारत सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तीस वर्षे उभी राहू शकते आणि तरीही बँक तिच्यावर कर्ज देत नाही.

जमिनीची नोंद पाहायची ती आखीव पत्रिकेत. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात तोच हा उतारा. त्यावर मौजा, शीट क्रमांक, सिटी सर्व्हे क्रमांक, क्षेत्र आणि धारकाचे नाव असते. नगर भूमापन न झालेल्या भागात मौजा, खसरा क्रमांक आणि पटवारी हलका यांवरून सातबारा पाहावा लागतो. अनेक स्कीममध्ये आखीव पत्रिकेवर अजून त्या मूळ बंगलेवाल्या आजोबांचेच नाव असते. घाबरण्याचे कारण नाही, पण आजोबांपासून बिल्डरपर्यंत आणि बिल्डरपासून आजच्या विक्रेत्यापर्यंतची साखळी एकेका कडीने जुळली पाहिजे. वकील सहसा तीस वर्षांचा शोध अहवाल देतात. संगणकावर 2002 च्या पुढचे दस्त शोधता येतात. त्याआधीच्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयातली सूचीची बाडे उघडावी लागतात.

साखळी तुटते ती ठरलेल्या दोन-तीन जागी. बिल्डरने मूळ मालकाच्या आममुखत्यारपत्रावर विक्रीपत्रे केली आणि मधल्या काळात मालक वारले, ही पहिली. मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर ते सर्वसाधारणपणे संपते, त्यामुळे त्यानंतरच्या दस्तांकडे वकील संशयाने पाहतात. नुसत्या मुखत्यारपत्रावर आणि करारनाम्यावर फ्लॅट ‘घेतलेले’ लोकही सापडतात. अशा कागदांनी मालकी जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात निःसंदिग्ध सांगितले आहे. दुसरी जागा वारसांची. वडिलांच्या नावचा फ्लॅट आई आणि धाकटा मुलगा विकायला काढतात. लग्न होऊन अमरावतीला किंवा रायपूरला गेलेल्या बहिणीची सही कुणाच्या ध्यानीमनी नसते. हिंदू कुटुंबात मृत्युपत्र नसेल तर मुलगी मुलाइतकीच वारस आहे, आणि तिचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा विक्रीपत्रावर सही नसेल तर तो व्यवहार अर्धवट आहे. मूळ विक्रीपत्र हरवले असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर सूचना आणि नोंदणी कार्यालयाची प्रमाणित प्रत एवढे सोपस्कार होतात. सूचनेच्या मुदतीत अनेकदा एखादा विसरलेला सावकार किंवा बँक उगवते. ती विक्रीपत्रानंतर उगवण्यापेक्षा हे बरे.

मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र यांची कथा थोडक्यात अशी की, जुन्या नागपुरात पहिला असतो आणि दुसरे बहुधा नसते. शहराच्या काही भागांत मंजुरी नासुप्रने दिली, काही भागांत महापालिकेने, आणि हद्दी वेळोवेळी बदलल्या. म्हणून कागद कुठल्या कार्यालयात मिळेल हेच आधी शोधावे लागते. नकाशा हाती आला की तो घेऊन इमारतीभोवती एक फेरी मारावी. बंद केलेल्या गॅलऱ्या जवळजवळ सगळीकडे दिसतील, त्यांचे फार मनावर घेऊ नये. पार्किंगमध्ये निघालेले दुकान, सामासिक अंतरात सरकलेला जिना किंवा नकाशात नसलेला अख्खा मजला दिसला तर मात्र भाव बोलण्याआधी वकिलाला बोलवावे.

आता खुद्द बांधकाम. नागपूर भूकंपाच्या दृष्टीने देशातल्या सर्वात कमी धोक्याच्या विभागात, म्हणजे विभाग 2 मध्ये, गणले जात आले आहे, त्यामुळे जपानी खरेदीदाराची पहिली धास्ती येथे नाही. येथले शत्रू ऊन, पाणी आणि काळी माती. 23 मे 2013 रोजी शहरात 47.9 अंश तापमान नोंदवले गेले. 45 च्या वरचे दिवस अनेक उन्हाळ्यांत येतात. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री आत उष्णता सोडतो, म्हणून सर्वात वरचा मजला स्वस्त असतो आणि तो पाहायचा तर मे महिन्यात दुपारी चार वाजता पाहावा. डिसेंबरात सगळेच फ्लॅट आल्हाददायक वाटतात. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी असेल तर ऊनही परतते आणि पाणीही थोपते. नुसता काळा डांबरी थर किंवा तडकलेला सिमेंटचा गिलावा असेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा धरावा. दिशेचा प्रश्न येथे वास्तुशास्त्राच्या अंगाने विचारला जातो आणि पूर्वमुखी दारासाठी लोक जास्त पैसे मोजतात. शयनगृहाची भिंत पश्चिमेला आहे का, हा त्याहून उपयोगी प्रश्न कुणी विचारत नाही.

पाण्याने होणारे नुकसान येथे निराळ्याच वाटेने येते. दर उन्हाळ्यात प्रत्येक खिडकीबाहेर, छज्ज्यावर किंवा गॅलरीत कुलर बसतो. चार महिने त्याच्या टाकीतून पाणी झिरपत राहते, बोअरच्या जड पाण्याचे क्षार साचतात, छज्ज्याच्या काँक्रीटमध्ये ओल मुरते आणि आतली सळई गंजून फुगते. वीस-पंचवीस उन्हाळ्यांनंतर छज्ज्याचा खालचा पापुद्रा सुटून सळ्या उघड्या पडतात. नागपुरातली जुनी इमारत पाहायची तर मान वर करून छज्ज्यांच्या आणि गॅलऱ्यांच्या खालच्या बाजू पाहाव्यात. आतल्या भिंतींना विकण्यापूर्वी रंग दिलेला असतो, छज्ज्यांना कुणी देत नाही. संडास-न्हाणीघराच्या खाली केलेला खोलगट स्लॅब हे गळतीचे दुसरे घर. ती गळती आपल्या नव्हे, खालच्या फ्लॅटच्या छतावर दिसते, म्हणून खालच्या घराची बेल वाजवून त्यांचे न्हाणीघर पाहण्याची विनंती करावी. लोक आनंदाने दाखवतात. कित्येक वर्षे तक्रार ऐकायला कुणी आलेले नसते.

पश्चिम आणि दक्षिण नागपुरात बऱ्याच ठिकाणी खाली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया तिच्याखालच्या मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेला नसेल तर भिंतींत तिरप्या भेगा पडतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग आणि गिलाव्यातली केसासारखी भेग यांत फरक आहे, आणि तो सांगायला स्थापत्य अभियंता लागतो. तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे महाराष्ट्र महानगरपालिका कायद्यानुसार मालकांवर बंधनकारक आहे. तपासणीत काँक्रीटवर हातोडा आपटून त्याचे बळ मोजतात, ध्वनिलहरी सोडून आतल्या पोकळ्या शोधतात, सळई किती गंजली याचा विद्युत चाचणीने अंदाज घेतात. संघटनेकडे असा अहवाल असेल तर मागावा. नसेल तर अभियंत्याला घेऊन एक तास इमारतीत फिरणे हा सगळ्या व्यवहारातला सर्वात स्वस्त आणि सर्वात कमी केला जाणारा खर्च आहे.

तळमजल्याला आणि खालच्या पार्किंगला आणखी एक कसोटी 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे लागली. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने काठ सोडले आणि अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आउट, शंकरनगर परिसरातल्या घरांत पाणी शिरले. ही शहरातली चांगल्या पत्त्यांची वस्ती. त्या भागात फ्लॅट पाहताना पाणी कुठवर आले होते हे आवाराच्या भिंतीवर पाहून घ्यावे, आणि विजेचे मीटर व पंप त्या रेषेच्या वर आहेत का तेही. एरवीच्या पाण्याचे म्हणाल, तर महापालिकेचे नळाचे पाणी किती वेळ येते, तळटाकी किती मोठी, बोअर उन्हाळ्यात आटते का, आणि लोखंडी नळ अजून जुनेच आहेत का, या चार उत्तरांत सगळे आले. विजेची तारही जुन्या काळची, एक पंखा-एक ट्यूब धरून ओढलेली असते. दोन एसी आणि गिझर लावण्याआधी ती बदलावी लागते.

किंमत ठरवताना क्षेत्रफळाची गल्लत होते. रेरा म्हणजे स्थावर संपदा कायदा 2017 मध्ये पूर्णपणे लागू होऊन चटईक्षेत्र हा विक्रीचा आधार ठरला, पण जुन्या फ्लॅटच्या बोलण्यात अजून ‘सुपर बिल्टअप’ चालतो, ज्यात जिना, पार्किंग, कधीकधी गच्चीचाही वाटा मिसळलेला असतो. फीत घेऊन आतून खोल्या मोजाव्यात आणि दर त्यावर लावावा. जुन्या फ्लॅटवर जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेल्या घरावर तो असतो, आणि तुलना करताना हा फरक मोजला पाहिजे. मुद्रांक शुल्क अधिभारांसह साधारण सात टक्क्यांच्या आसपास जाते, महिलेच्या एकटीच्या नावे घर घेतल्यास एक टक्का सवलत आहे, आणि नोंदणी शुल्क एक टक्का पण कमाल 30,000 रुपये. शुल्क प्रत्यक्ष किंमत किंवा रेडी रेकनरचा भाव, यांतल्या जास्त रकमेवर लागते. व्यवहार 50 लाख रुपयांचा किंवा त्याहून मोठा असेल तर खरेदीदाराने एक टक्का प्राप्तिकर कापून भरायचा असतो. विक्रेता अनिवासी असेल, म्हणजे अमेरिकेतला मुलगा वारसाहक्काने विकत असेल, तर हा एक टक्क्याचा नियम लागत नाही. कपात कितीतरी जास्त असते आणि ती चुकवल्याचे ओझे खरेदीदाराच्या डोक्यावर येते. बँका इमारतीचे वय आणि कर्जाची मुदत एकत्र मोजतात, म्हणून पस्तीस वर्षांच्या इमारतीला वीस वर्षांचे कर्ज सहज मिळेल असे धरून इसार करू नये. इसारपत्रातच लिहावे की कर्ज नाकारले गेले किंवा शोध अहवालात दोष निघाला तर इसार परत. बरेचसे विक्रेते कुरकुरत का होईना, ही अट मान्य करतात.

शेवटी राहते पुनर्विकासाचे आमिष. ‘दोन वर्षांत बिल्डर येणारच आहे, मग नवा मोठा फ्लॅट फुकट’ हे वाक्य जुना फ्लॅट विकताना हमखास ऐकवले जाते. डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने वाढीव चटईक्षेत्र दिले हे खरे, पण ते रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून आहे. 9 मीटरपेक्षा अरुंद गल्लीत मूळ चटईक्षेत्रावर विशेष भर पडत नाही, आणि लहान प्लॉटवर नव्या इमारतीचे पार्किंग व सामासिक अंतरे बसवताना बिल्डरचे गणित जमत नाही. सहकारी संस्थांसाठी जुलै 2019 च्या शासन निर्देशांनी 51 टक्के सभासदांच्या संमतीची स्पष्ट चौकट घालून दिली. अपार्टमेंटमध्ये मात्र प्रत्येकजण जमिनीचा थेट हिस्सेदार, त्यामुळे एकाचा नकारही काम लांबवू शकतो. बंद फ्लॅटचा मालक सापडत नाही एवढ्यावरही अडते. रुंद रस्ता, मोठा प्लॉट, स्वच्छ घोषणापत्र आणि आपसांत बोलणारे शेजारी असतील तर या शक्यतेला काही किंमत द्यावी, एरवी शून्य धरावी.

विक्रीपत्र नोंदले की ताबा मिळतो, पण नावे बदलायची राहतात. महापालिकेच्या मालमत्ता करात नामांतरण, वीज आणि पाण्याच्या जोडणीवर नाव, पट्ट्याची जमीन असेल तर नासुप्र किंवा नझूल कार्यालयात नोंद, आणि संघटनेच्या वहीत नव्या मालकाची सही. यांतली पहिली कामे लोक महिनाभरात उरकतात. शेवटचे राहून जाते, आणि पुढच्या सभेला, सभा झालीच तर, त्या घराच्या नावापुढे अजून जुन्या मालकाचाच फोन नंबर असतो.